कांद्याचा निर्णय घेताना विचारायचं कुणाला?

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला मिळालेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, सगळ्या देशाने पाहिली. कांदा ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. म्हणजे माल झाला ५१२ रुपयांचा. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे वजा जाऊन उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. चेक आला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. दोन रुपयांवर चार दिवस चर्चा झाली, विनोद झाले, मग विषय मागे पडला.

मला त्या कागदावर वजावटीचा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो. भाव एक रुपया असो की चाळीस, गाडीवाल्याचे, हमालाचे, तोलणाऱ्याचे पैसे आधी कापले जातात आणि उरेल ते शेतकऱ्याचं. यात हमालाची चूक नाही, त्याने पोती उचललेली असतातच. पण नुकसान कुणाच्या खात्यावर पडतं, हे त्या रकान्यात स्वच्छ दिसतं. शिवाय पट्टीवर ज्यांची नावंच नसतात अशी बरीच माणसं उरतात: रोपं लावणाऱ्या बाया, दिल्लीत निर्यातीचा आदेश काढणारा अधिकारी, ढाक्याचा आयातदार, कोथरूडच्या कोपऱ्यावरचा हातगाडीवाला, आणि त्याच्याशी घासाघीस करणारे आपण.

सरकारी कागदांत या सगळ्यांना ‘हितसंबंधी घटक’ म्हणतात. एखाद्या निर्णयाचा ज्यांच्या पोटावर परिणाम होतो आणि ज्यांच्या हातात तो निर्णय फिरवण्याची ताकद असते, ते सगळे त्यात येतात. बियाण्यापासून ताटापर्यंतच्या सगळ्या व्यवहाराला ‘अन्नव्यवस्था’ म्हणतात. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले की पुरे. २०२५ मध्ये राज्य सरकारने पाशा पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कांदा धोरणासाठी समिती नेमली. अशी कुठलीही समिती बसली की पहिला प्रश्न हाच असतो: बोलवायचं कुणाला, आणि बोलावलेल्यांचं ऐकायचं किती?

आधी कांदा कुठून कुठे जातो ते पाहू

कांद्याचे हंगाम तीन. खरिपाचा लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा. देशाच्या एकूण उत्पादनात उन्हाळ कांद्याचा वाटा साधारण ७० टक्के. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकतो तोही हाच. लाल कांद्यात पाणी जास्त, तो निघाला की विकावाच लागतो. त्यामुळे एप्रिलमध्ये चाळीत भरलेल्या कांद्यावर देशाला ऑक्टोबरपर्यंत काढावं लागतं. त्या काळात तो सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. ही घट सोसतो शेतकरी. सप्टेंबरात भाव चढला तर त्याची भरपाई होते, नाही चढला तर चाळीतला कांदा उकिरड्यावर जातो.

लासलगाव, पिंपळगाव, मनमाड इथे ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. कांदा सुटा असतो. लिलाव पुकारणारा आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो, वरचे चार कांदे हातात घेऊन पाहतो, बोली लागते आणि बघता बघता पुढच्या वाहनाकडे सरकतो. वर्षभराच्या पिकाचा फैसला एवढ्या वेळात होतो. मग भुईकाट्यावर वजन आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली. तिथे ‘खालचा माल वेगळा निघाला’ म्हणून वांधा निघाला की भाव कमी करून घ्यायचा, नाहीतर भरलेलं वाहन परत न्यायचं. अशा भांडणांसाठी बाजार समितीत वांधा समिती असते.

तिथून कांदा कुठे जातो? काही दिल्ली-कोलकात्याला, काही कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरावर, काही रस्त्याने बांगलादेशाकडे. काही कांदा नाफेड आणि एनसीसीएफ या संस्था केंद्र सरकारच्या राखीव साठ्यासाठी घेतात. भाव भडकला की तो बाजारात सोडायचा, अशी कल्पना. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याला सुमारे ३६ पैसे मिळतात. उरलेले ६४ पैसे सगळे दलालाच्या खिशात जातात असं समजणं सोपं आहे, पण बरोबर नाही. त्यात वाहतूक आहे, सड आहे, गोणी आहे, किरकोळ विक्रेत्याकडे न विकला गेलेला माल आहे.

यादी कशी करायची?

आपल्याकडे यादी बहुधा अशी होते: शेतकरी संघटनेचे दोन नेते, व्यापारी असोसिएशनचे अध्यक्ष, कृषी विद्यापीठाचे एक प्राध्यापक, एक आमदार. ज्यांचे फोन नंबर साहेबांकडे असतात तेच बैठकीला येतात.

याहून बरा रस्ता पट्टीपासूनच सुरू होतो. पैसा कुणाकुणाच्या हातातून जातो ते लिहायचं. मग जोखीम कुणाकडे आहे ते लिहायचं: रात्री आदेश निघाला तर सकाळी कुणाचा माल अडकतो, कुणाचा रोज बुडतो? या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच बहुतेक वेळा विसरलेली माणसं सापडतात. शेवटी पाहायचं, कागदावर कोण नाही.

हा शेवटचा भाग समजायला एक उदाहरण पुरतं. २०२३ च्या त्या पडझडीनंतर राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. अट होती सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. ऐकायला अट रास्त वाटते. पण दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्याचा सातबारा मालकाच्या नावावर असतो. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच्या शेतात सगळं पीक उभं करणाऱ्या बाईचंही तेच. आणि अनेकांनी ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या पीक-नोंदणीत, कांद्याची नोंदच केलेली नव्हती. पुढे गावपातळीवर पाहणी करून मार्ग काढावा लागला. अट लिहिण्याआधी वाट्याने करणारे दोनजण आणि एखादा तलाठी समोर बसवला असता, तर हे पहिल्या दिवशीच कळलं असतं.

मजुरांचं तर नावच येत नाही. निफाड, चांदवड, दिंडोरीकडे लावणीला आणि काढणीला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं येतात. बायकांच्या टोळ्या एकरी उक्तं काम घेतात. भाव पडला की पुढच्या हंगामात लागवड कमी होते आणि त्यांचा रोज जातो. त्यांची कुठली असोसिएशन नाही, त्यामुळे निवेदन द्यायला कुणी येत नाही.

मानपान कुणाचा, काम कुणाचं

यादी झाली की पुढचा प्रश्न: कुणाला किती वजन द्यायचं? जाणकार दोन गोष्टी तपासतात, निर्णयावर कुणाचा किती प्रभाव आहे आणि निर्णयाची झळ कुणाला किती लागते. आपल्या लग्नघराचं पाहा. मामा-आत्यांचा मानपान चुकला तर रुसवे, म्हणून त्यांना आधी विचारतात. आचारी आणि वाढपी यांना कुणी विचारत नाही, पण ते बिनसले तर पंगत उठते. आणि जिचं लग्न, तिला विचारलं का, हे पुष्कळ घरांत शेवटपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

कांद्यात केंद्राचं ग्राहक व्यवहार खातं आणि वाणिज्य खातं यांचा प्रभाव सर्वांत मोठा, झळ मात्र जवळपास नाही. झळ लागतेच तर निवडणुकीत. १९९८ मध्ये दिल्ली राज्याचं सरकार जाण्यामागे महागलेला कांदा होता, असं आजही सांगतात. व्यापाऱ्याकडे दोन्ही आहे: त्याचा पैसा अडकतो, पण त्याने लिलाव बंद ठेवले तर सरकारला चर्चेला बसावं लागतं. हमालांनाही संप करता येतो. शेतकऱ्याला झळ सर्वांत मोठी, प्रभाव मात्र विखुरलेला. एकेकटा तो काही करू शकत नाही. १९७८ मध्ये चाकणला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरला तेव्हा त्याची दखल घ्यावी लागली. आणि टोळीतल्या बाईच्या वाट्याला झळ पूर्ण, प्रभाव शून्य.

ज्याचा प्रभाव मोठा त्याला विचारलं जातंच, त्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. कष्ट लागतात ते झळ मोठी आणि प्रभाव नाही अशांपर्यंत पोचायला.

पण बाजार समितीत शेतकरी असतातच की!

असतात. राज्याच्या १९६३ च्या कायद्याने चालणाऱ्या बाजार समितीत साधारण १८ संचालक असतात: ११ सोसायटी गटातून, ४ ग्रामपंचायत गटातून, २ अडते-व्यापाऱ्यांचे, १ हमाल-मापाऱ्यांचा. म्हणजे १८ पैकी १५ शेतकऱ्यांचे. कागदावर याहून चांगली व्यवस्था शोधून सापडणार नाही.

गोम मतदार यादीत आहे. सोसायटी गटाला मत देतात विकास सोसायट्यांचे, म्हणजे गावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचे, संचालक, ग्रामपंचायत गटाला ग्रामपंचायत सदस्य. बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या साध्या शेतकऱ्याला मत नाही. २०१७ मध्ये कायदा बदलून शेतकऱ्यांना थेट मतदानाचा हक्क दिला गेला, २०२० मध्ये सरकार बदलल्यावर तो काढला गेला. कारण म्हणून खर्चाचं गणित पुढे आलं. खर्च होता हे खरं, पण तालुक्याच्या राजकारणात सोसायट्या कुणाच्या हातात असतात हे माहीत असलेल्या कुणालाही दुसरं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

प्रतिनिधी असला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, ते हमाली-तोलाईच्या कपातीवरून. व्यापारी म्हणाले, शेतकऱ्याच्या पट्टीतून ही रक्कम आम्ही यापुढे कापणार नाही. सुटा कांदा भुईकाट्यावर तोलला जातो, मग तोलाई कसली, असाही सवाल होता. हमाल-मापारी म्हणाले, आमच्या मजुरीवर आणि माथाडी मंडळाच्या लेव्हीवर, म्हणजे मजुरीवर आमच्या कल्याणासाठी जमा होणाऱ्या रकमेवर, पाणी सोडायचं का? १९६९ च्या माथाडी कायद्याने मिळालेलं संरक्षण ते सहजासहजी कसं सोडतील? तिघांपैकी दोघे भांडत होते आणि तिसऱ्याचा कांदा घरी पडून होता. तिघांचे प्रतिनिधी एकाच समितीत बसत होते.

विचारणं आणि सांगणं

सहभागाच्या ढोबळ तीन पायऱ्या असतात: ठरलेलं सांगणं, ठरवण्याआधी विचारणं, आणि सोबत बसून ठरवणं. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलीलाच सहभाग म्हणतात.

कांद्याच्या निर्यातीचं काय झालं ते पाहा. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. लगेच नाफेडतर्फे क्विंटलला २४१० रुपयांनी खरेदीची घोषणा. २० सप्टेंबरपासून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी तेरा दिवस लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्याची अट आली, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरला आदेश निघाला: ३१ मार्चपर्यंत निर्यातबंदी. मार्चमध्ये ती आणखी लांबवली. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी मिळाली, महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा केंद्राने सहा देशांसाठीच्या ९९,१५० टनांचा आकडा पुढे केला. ४ मे रोजी, ऐन लोकसभा निवडणुकीत, बंदी उठली. ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट मात्र ठेवली. सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं.

यातला एकेक निर्णय चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण शेतकऱ्याने एप्रिलमध्ये चाळीत कांदा भरताना काय हिशेब धरायचा? दीड वर्षात सहा-सात वेळा नियम बदलले आणि दर वेळी त्याला कळलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. ही तक्रार एकट्या नाशिकची नाही. २०१९ मध्ये भारताने अचानक निर्यात थांबवली तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी जरा आधी कळवा अशी विनंती केली. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांनाही आदेश नंतरच कळतो, तर चांदवडच्या शेतकऱ्याची काय कथा!

दुसऱ्या पायरीचं उदाहरणही आपल्याच देशात आहे. बीटी वांग्याला, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या वांग्याला, २००९ मध्ये तांत्रिक समितीने हिरवा कंदील दाखवला, तेव्हा पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे कंपन्यांची माणसं, ग्राहक संघटना एकाच सभागृहात बोलल्या, ओरडल्याही. फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी निर्णय स्थगित केला आणि त्याची कारणं लांबलचक कागदावर मांडली. निर्णय पटला नाही असे लोक आजही आहेत, पण तो का घेतला हे त्यांना वाचता तरी येतं. उलट २०२० चे तीन कृषी कायदे आधी अध्यादेश म्हणून आले. नव्या कायद्याचा मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं २०१४ चं धोरण असताना ते आले. वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतल्याची घोषणा झाली. त्या कायद्यांतल्या काही तरतुदी मला व्यक्तिशः योग्य वाटत होत्या. त्यांच्यावर शांतपणे बोलण्याची संधीही त्या घाईत गेली.

सगळ्यांना विचारत बसलं तर निर्णय कधी घ्यायचा?

हा आक्षेप खोटा नाही. भाव आठवड्यात दुप्पट होतो, तेव्हा सुनावण्या घेता येत नाहीत. पण विचारायचं ते भाव भडकल्यावर नव्हे, त्याआधी, शांततेच्या महिन्यांत. किरकोळ भाव कुठल्या पातळीवर गेला की साठा बाजारात सोडायचा, त्यापुढे किती गेला की शुल्क लावायचं, किती उतरला की ते काढायचं, एवढं सगळ्यांना बसवून एकदा ठरवता येतं. नंतर वेळ आली की ठरलेला नियम लावायचा.

आधी कळलं तर व्यापारी साठे करतील ना?

अमुक तारखेला बंदी येणार असं जाहीर केलं, तर जरूर करतील. त्याआधी जमेल तेवढा माल बाहेरही काढतील. म्हणून आधी सांगायचा तो नियम, तारीख नव्हे. आणि बंदरावर पोचलेल्या, वाटेत असलेल्या मालाला सूट द्यायची. कंटेनरमध्ये सडलेल्या कांद्याने कुठल्याच ग्राहकाची भाजी स्वस्त होत नाही.

शेतकऱ्यांचंच एकमत नसतं, त्याचं काय?

नसतंच, आणि का असावं? चाळ असलेल्या पंधरा एकरवाल्याला सप्टेंबरचा भाव महत्त्वाचा, दोन एकरवाल्याला मेमधला. धुळ्याच्या लाल कांदेवाल्याला नाफेडने त्याच्याच हंगामात साठा सोडलेला नको असतो. नाफेडची खरेदी शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत होते, तर खरा माल व्यापाऱ्याकडून येतो असा आरोप बाकीचे शेतकरी करतात. ‘शेतकऱ्यांचा प्रतिनिधी’ म्हणून एकच खुर्ची ठेवली की यातला सगळ्यांत मोठा आवाज त्या खुर्चीवर बसतो.

आणि ग्राहक?

त्याची संघटना दुबळी, पण त्याचा प्रतिनिधी फार ताकदवान आहे: महागाईचा निर्देशांक. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या निर्देशांकात कांद्याचं वजन अवघं ०.६४ टक्के. तरी भाव चार-पाच पट झाला की तेवढं वजनही आकडा हलवतं आणि दिल्लीत फोन वाजतात. हमीभाव ज्या २२ पिकांना आहे, त्यांच्यासाठी कृषिमूल्य आयोग दर हंगामात राज्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलतो. कांदा त्या यादीत नाही. म्हणजे ग्राहकाची बाजू दर महिन्याला आकड्यानिशी मांडली जाते, उत्पादकाची बाजू मांडायला ठरलेली जागाच नाही. गरीब ग्राहकाला संरक्षण हवंच. हातावर पोट असलेल्या घरात ताटातल्या भाकरीबरोबरचा कांदा हीच भाजी असते.

बैठक खरंच लावायची तर

एप्रिल-मेच्या काढणीत आणि दुपारी बारा वाजता कलेक्टर कचेरीत लावायची नाही. तिथे येऊ शकतो तो ज्याच्या शेतात दुसरं कुणी राबतंय. गावात, संध्याकाळी, शाळेच्या व्हरांड्यात लावायची. बायकांशी वेगळं बोलायचं, कारण सरपंचांसमोर आणि दिरांसमोर त्या बोलणार नाहीत. मजुरांना बोलावलं तर त्या दिवसाचा रोज द्यायचा. फुकट मत मागणं ही चैन नोकरदारांना परवडते. व्यापाऱ्यालाही बोलवायचं, शिव्या द्यायला नव्हे, तर देशभरातून मागणी कुठून येतेय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं म्हणून. आणि आलेल्या सूचनांपैकी कुठली घेतली, कुठली का नाही घेतली, हे मराठीत लिहून त्याच गावच्या फळ्यावर लावायचं. हे शेवटचं काम सर्वांत स्वस्त आहे आणि तेच सर्वांत कमी होतं.

केंद्रानेही थोडी हालचाल केली आहे. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र व्यापार धोरणात नवी कलमं घातली गेली: आयात-निर्यातीचे नियम बदलण्याआधी संबंधितांची मतं मागवावीत. त्यात उल्लेख आयातदार, निर्यातदार आणि उद्योगातल्या जाणकारांचा आहे. शेतकऱ्याला मनाई नाही, पण त्याचं नाव घेतलेलं नाही. शिवाय गरज पडली तर सरकारने स्वतःहून निर्णय घेण्याची मुभा राखून ठेवली आहे. कांद्याचा भाव पुन्हा चढेल, तेव्हा या दोहोंपैकी काय वापरलं जातं ते कळेलच.